थोरला दाराशी

त्या दोघी जावा एकाच घरात राहत, एकाच कॉलेजात शिकवत, आणि दोन्हीकडे एकमेकींशी गरजेपुरतंच बोलत. गरज म्हणजे टोमणा मारायची गरज. बाकी सगळी कामं खुणांवर आणि दारं आपटण्यावर भागत होती.

घरात स्वयंपाकघर एक, शेगड्या दोन. ओट्याच्या फरशीला मधोमध एक जोड होता. त्या रेघेच्या अलीकडे थोरलीचं राज्य, पलीकडे धाकटीचं. डबे वेगळे, किटल्या वेगळ्या, भांडी पुसायची फडकी वेगळी. मिठाचा डबा तेवढा एकच होता आणि तो बरोबर रेघेवर असे. सासूबाई जाताना तो तिथे ठेवून गेल्या होत्या, आणि तो हलवायची छाती दोघींपैकी एकीलाही झाली नव्हती.

कॉलेजात दोघी शरीररचना शिकवत. थोरली विभागप्रमुख, धाकटी तिच्या हाताखाली. विच्छेदनाच्या हॉलमध्ये विद्यार्थी त्यांना थोरल्या बाई आणि धाकट्या बाई म्हणत, आणि या दोन नावांना एक खास कारण होतं.

पायाच्या आतल्या घोट्याचं हाड बाहेर आलेलं असतं. त्याच्या मागून पोटरीच्या स्नायूंचे दोर म्हणजे कंडरा, रक्तवाहिनी आणि नस दाटीवाटीने खाली तळपायात उतरतात. पुढून मागे कोण कुठे, हा क्रम परीक्षेत हमखास विचारतात आणि विद्यार्थी हमखास चुकतात. त्यासाठी धाकटीने, ती स्वतः विद्यार्थिनी होती तेव्हा, एक ओळ जुळवली होती: 'थोरला दाराशी, धाकटा पाठीशी, मधे रक्ताचं नातं, मग दुखणं, कोपऱ्यात अंगठेबहाद्दर.' दार म्हणजे ते घोट्याचं हाड. त्याला चिकटून उभा असतो तो थोरला, पोटरीतल्या सगळ्यात खोल स्नायूची कंडरा. पुस्तकात त्याचं नाव टिबियालिस पोस्टीरियर. त्याच्या मागचा धाकटा पायाची चार बोटं वाकवतो. मग रक्तवाहिनी, मग नस, आणि सगळ्यात मागे अंगठा वाकवणारा.

ओळ तेव्हाच्या तरुण मास्तरीणबाईंना, म्हणजे थोरलीला, फार आवडली. इतकी आवडली की पुढच्या वर्षीपासून ती स्वतःची म्हणून शिकवायला लागली. मुलगीही आवडली. तिने ती आपल्या दिराला करून घेतली. "मीच आणली तिला या घरात," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, बाजारातून भाजी आणावी तसं. दीर जहाजावर नोकरीला, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. तेव्हा घरात उरले थोरली, धाकटी आणि थोरलीचा नवरा. त्याला धाकटी दादा म्हणे. बायको पुढे करील त्या कागदावर दादा न वाचता सही करत असत. ओळीतला अंगठेबहाद्दर कोण, हे धाकटीला लग्नानंतर वर्षभरात कळलं.

दोघींमध्ये एक अलिखित नियम होता. थोरली घरात धाकटीला 'तू' म्हणे आणि कॉलेजात 'तुम्ही'. धाकटी घरात 'वहिनी' म्हणे आणि कॉलेजात 'मॅडम'. घरात थोरलीच्या तोंडून 'तुम्ही' ऐकू आलं की दादा चष्मा शोधायला म्हणून वरच्या खोलीत जात.

तर त्या वर्षी थोरली निवृत्तीला आली होती. वरिष्ठांनी तिला मुदतवाढ द्यायची म्हटलं होतं. अट एवढीच की तब्येत ठणठणीत हवी, कारण हॉलमध्ये दिवसभर उभं राहावं लागतं. मुदतवाढ मिळाली की धाकटीची खुर्ची लांबणीवर. हे कॉलेजातल्या शिपायालाही माहीत होतं.

आणि नेमकं तेव्हाच धाकटीला थोरलीचा पाय दिसला.

जिन्यावरून उतरताना थोरली पुढे आणि धाकटी मागे, हीसुद्धा एक न ठरवलेली रीतच होती. त्या सकाळी धाकटीची नजर सहज थोरलीच्या टाचांवर गेली. माणूस पाठमोरा सरळ उभा असला तर त्याच्या पायाची करंगळी बाहेरच्या बाजूने जेमतेम दिसते, फार तर शेजारचं बोट. थोरलीच्या उजव्या पायाची करंगळीच दिसत होती. डाव्या पायाची तीन बोटं दिसत होती, आणि चौथं डोकावत होतं. चपलेची आतली कड झिजून कागदासारखी झाली होती. आतला घोटा सुजून त्याचा आकार गेला होता.

धाकटी पायरीवरच थांबली. हे ती दर वर्षी शिकवत होती. तो खोल स्नायू पोटरीत दोन हाडांच्या मधे, सगळ्यांच्या तळाशी दडलेला असतो. त्याची कंडरा घोट्यामागून कप्पीवरच्या दोरासारखी वळते आणि तळपायात जाऊन पायाची कमान वर ओढून धरते. वळणावर तिला रक्त कमी पोचतं. तिथेच ती उसवते, आधी एकेक धागा, मग चिंधी. दोर सुटला की कमान खाली बसते, टाच बाहेर कलते, पुढचा पाय बाहेर फाकतो, आणि मागून बोटं जास्त दिसायला लागतात. वेळेवर धरलं तर दुरुस्ती होते. नाही धरलं तर सांधे तसेच आखडतात, आणि मग ते कायमचे जखडून टाकण्यावाचून इलाज नसतो.

"काय गं, जिन्यात खांबासारखी उभी?" खालून थोरली म्हणाली.

"पायाला काय झालंय तुमच्या, वहिनी?"

"काही नाही. शीर चढलीय."

धाकटीला खटकला तो शब्द. शीर! हॉलमध्ये एखादा विद्यार्थी 'शीर' म्हणाला की थोरली त्याला बाहेर काढत असे. "शीर म्हणजे काय रे? रक्तवाहिनी, नस की कंडरा? एका गोणीत तिघांना कोंबलंस! जा, बाहेर उभा राहा आणि ठरवून ये." आयुष्यभर ज्या बाईने हा शब्द हॉलच्या उंबऱ्याबाहेर ठेवला, ती आज त्याच्या आड लपत होती. म्हणजे तिला माहीत होतं.

धाकटीने आधी दादांना गाठलं.

"दादा, वहिनींचा डावा पाय दाखवायला हवा. कंडरा जातेय."

दादांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "तुम्हा दोघींच्या मधे मी पडत नाही. पडलो की दोन्ही बाजूंनी लाथा."

"मधे पडू नका. डॉक्टरकडे न्या."

"मी नेणार? तिला? अगं, ती मला नेते."

मग धाकटी थेट थोरलीशी बोलली. स्वयंपाकघरात, रेघेच्या आपल्या बाजूला उभी राहून. थोरली डावा पाय स्टुलावर टेकवून भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि देठ मोडता मोडता म्हणाली, "तुम्ही फार काळजी करता हो आमची."

तुम्ही. वरच्या मजल्यावर दादांच्या पावलांचा आवाज झाला.

"वहिनी, मी खुर्चीसाठी बोलत नाहीये."

"खुर्चीचं नाव मी काढलं का? तुम्हीच काढलंत. मनात असतं तेच जिभेवर येतं."

"उद्या पाय लाकडासारखा होईल."

"झाला तर झाला. माझा पाय आहे. तुमच्या माहेरी शिकवत असतील दुसऱ्याच्या पायाकडे बघायला. वळणच नाही ना काही! मीच आणली म्हणा, बोलू कुणाला." आणि तिने निवडलेली भाजी उचलून धुवायला नेली. तीन पावलं. डावं पाऊल जमिनीवर ओला चिखल पडल्यासारखं पडत होतं.

धाकटी त्या दिवशी मनाशी म्हणाली, जाऊ दे खड्ड्यात. तिने खरंच सोडून द्यायचा प्रयत्न केला. जिन्यावरून उतरताना ती भिंतीकडे बघायला लागली. पण शिकलेलं डोळ्यांतून पुसता येत नाही. तिसरं बोट, चौथं बोट. आणि गप्प राहण्यात एक गोडी आहे, हे तिला कळायला लागलं. आपण काही करायचं नाही. वर्षभरात आपोआप बाई खाली बसेल, मुदतवाढ असो नसो. ही गोडी जिभेवर आली तेव्हा मात्र ती घाबरली. थोरलीचा राग करणं निराळं. तिचा पाय खाऊन बसणं निराळं.

सांगून ऐकणार नाही, हे उघड होतं. थोरली सांगून काहीच ऐकत नसे. पण तिचं एक होतं. कुणी चुकीचं दाखवत असलं तर तिला बघवत नसे. चूक दुरुस्त केल्याशिवाय तिचा हात थांबत नसे, मग ती चूक शिपायाने केलेल्या चहाची असो की दिराच्या बायकोने केलेल्या विच्छेदनाची.

धाकटीने चूक करायचं ठरवलं.

पोटरीचा आणि तळपायाचा वर्ग होता. टेबलावर देहदान केलेल्या कुणाचा तरी पाय, वरचे दोन मोठे स्नायू बाजूला सारून आतला थर उघडा केलेला. थोरली खिडकीजवळ अवजारं मोजत होती. वर्ग धाकटीचा असला की तिला अवजारं मोजायची आठवण हटकून येई.

"हा थोरला," धाकटी चिमट्याने कंडरा उचलत म्हणाली. "कुठे उभा?"

"दाराशी!" विद्यार्थी एका सुरात म्हणाले.

"तो गेला तर घर कसं दिसतं, ते बघू. पाच जणांनी बूट काढून पाठमोरे उभे राहा. बाकीच्यांनी बोटं मोजा."

हसाहशी झाली. एकाच्या मोज्याला भोक निघालं. सगळ्यांच्या करंगळ्या मोजून झाल्या. चार बोटं दिसली की समजा थोरला घर सोडून गेला, असं धाकटीने सांगितलं आणि खिडकीकडे पाहिलं नाही.

"आता दुसरी खूण. एका पायावर उभं राहून टाच उचलायची. असं." तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली, अंगाचा भार टेबलावर टाकला, गुडघा वाकवला आणि टाच उचलली. "उचलली? झालं. पाय चांगला."

खिडकीजवळ अवजारांचा ट्रे आपटला.

"थांबा," थोरली म्हणाली. "काय शिकवताय तुम्ही हे?"

"काय झालं, मॅडम?"

"टेबल धरून लोंबकळल्यावर मढंसुद्धा टाच उचलेल! गुडघा वाकवायचा? कुणी सांगितलं? बाजूला व्हा."

ती आली. उजव्या पायाची चप्पल काढली, दोन बोटं टेबलाला नुसती टेकवली आणि उजव्या पायावर उभी राहिली. गुडघा ताठ, पाठ ताठ. टाच वर गेली. या वयात इतकी सहज की मागची मुलं "वा" म्हणाली.

"टाच नुसती उचलून भागत नाही. नीट बघा. वर जाताना ती आत वळते. दिसलं? टाचेला वळण हवं. ते वळण हा थोरला देतो. वळण नसेल तर उचलण्याला काही अर्थ नाही. घ्या लिहून."

पेनं चालायला लागली. थोरलीने पाय चपलेत घातला.

"आणि डावा, मॅडम?" धाकटी म्हणाली.

थोरलीने मान वर केली.

"दोन्ही बाजू ताडून बघितल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही," धाकटी म्हणाली. "आपणच शिकवता."

ते खरं होतं. ते वाक्य हॉलच्या भिंतीवर थोरलीच्याच अक्षरात लावलेलं होतं. तिने एकदा त्या भिंतीकडे पाहिलं, एकदा धाकटीकडे, आणि डावी चप्पल काढली.

पोटरी मुठीसारखी आवळली. बोटांच्या पेरांवर पांढरं आलं. टाच जमिनीवरून हलली नाही. पुन्हा पोटरी आवळली, मानेची शीर म्हणा, रक्तवाहिनी म्हणा, जे काय होतं ते तट्ट फुगलं. टाच जागची हलली नाही. हॉलमध्ये नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं.

मागच्या रांगेतला एक विद्यार्थी, नुकतंच शिकून, नुकतंच पाठ करून बसलेला, शेजाऱ्याला कुजबुजला. पण शांततेत कुजबुज कुठे लपते?

"चार दिसतात रे."

थोरली हळूच वळली. तिचा चेहरा टेबलावरच्या कापडासारखा झाला होता.

"तू," ती म्हणाली. हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, तू. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"तुम्ही 'शीर' म्हणालात त्या दिवसापासून, वहिनी."

एकाही विद्यार्थ्याने मान वर केली नाही. थोरलीने चप्पल घातली, ट्रेमधली अवजारं पुन्हा एकदा मोजली, ती बरोबर भरली, आणि दाराशी जाऊन म्हणाली, "दार लावून घ्या. माशा येतात."

संध्याकाळी दादा खाली आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांचा चढलेला आवाज धाकटीने प्रथमच ऐकला.

"माझ्या बायकोची भर वर्गात शोभा केलीस तू!"

"फक्त घोट्याखाली, दादा."

"जीभ बघा, जीभ! मिळाली ना खुर्ची? बस आता मांडी घालून."

  पायासाठी केलं की खुर्चीसाठी, हे धाकटीने स्वतःला पुष्कळदा विचारून पाहिलं होतं. दोन धागे इतके एकमेकांत गुंतले होते की चिमट्याने वेगळे होत नव्हते. आणि तिसराही होता: थोरलीची टाच उचलली गेली नाही त्या क्षणी तिला बरं वाटलं होतं. तो धागा तिने वर काढलाच नाही.

सर्जन थोरलीचाच जुना विद्यार्थी निघाला. दादांना गाडी चालवायची भीती, म्हणून धाकटीनेच नेलं. मागच्या सीटवर थोरली, पुढे धाकटी, तिच्या शेजारी दादा, खिडकीबाहेर बघत. तपासणीच्या खोलीत धाकटी दाराशी उभी राहिली, एक्स-रेचं पाकीट धरून. सर्जनने पाऊल हातात घेऊन दाबून पाहिलं.

"बाई, अजून हाताने कमान उभी राहते. नशीब. आणखी उशीर केला असता तर सांधे जखडावे लागले असते." मग खूश करायला म्हणून तो तिच्याच शब्दांत सांगायला लागला. "थोरला काही कामाचा राहिला नाही, चिंध्या झाल्यात. तो कापून टाकतो. टाचेचं हाड थोडं सरकवून नीट बसवतो. आणि धाकट्याला त्याच्या जागी आणून शिवतो."

थोरली खुर्चीत ताठ झाली. "दुसरा कुणी नाही?"

"अंगठेबहाद्दर आहे. पण तो पार कोपऱ्यातून येणार, वाटेत रक्तवाहिनी, नस. कशाला नसती भानगड? धाकटा शेजारीच असतो. जुनी ओळख असते."

"आणि धाकट्याचं काम कोण करणार?"

"तळपायात त्याची आणि अंगठेबहाद्दराची गाठ असते ना, बाई. तो सांभाळून घेतो. बोटं थोडी कमी वाकतात. चालताना कळतही नाही."

थोरलीने दाराकडे पाहिलं. धाकटी पाकिटाच्या कडेला काहीतरी वाचत होती, जिथे काही छापलेलं नव्हतं. सर्जन दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. इतक्या सोप्या समजावण्यात कुणाला काय खुपलं, ते त्या बिचाऱ्याला कळलं नाही.

मुदतवाढीचा विषय पुढे ढकलला गेला. खुर्ची तात्पुरती धाकटीकडे आली. कॉलेजात सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं, आणि तिची पाठ वळल्यावर काय म्हणाले ते तिला न ऐकता पाठ होतं. खुर्ची थोरलीच्या उंचीला बसवलेली होती. धाकटीचे पाय जमिनीला जेमतेम टेकत.

थोरली प्लॅस्टर घालून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसायला लागली. उभं राहून शेगडी पेटवता येत नव्हती. धाकटी आपल्या शेगडीवर चहा करी आणि थोरलीचा कप रेघेवर, मिठाच्या डब्याशेजारी ठेवी. थोरली हात लांबवून तो घेई.

"पाणचट," असं एकदा.

"काढा केलायस का?" असं दुसऱ्यांदा.

"चांगला झाला म्हणाला असतात तर दात पडले असते?" धाकटीने विचारलं.

"दात माझे आहेत. मला जपायला हवेत."

एकदा कप घेता घेता थोरली म्हणाली, "ती ओळ पोरांना कुणाची म्हणून सांगितलीस?"

"माझी म्हणून."

"हं." तिने एक घोट घेतला. "शब्द तुझे असतील. चाल मी लावली. चालीवाचून तुझी ओळ कुण्णी पाठ केली नसती." घरात तिने नेहमीप्रमाणे 'तू'च म्हटलं होतं. पण दादा तरीही चष्मा शोधायला वर गेले.

प्लॅस्टर निघालं. मग सूज उतरायची वाट बघणं, पाय पाण्यात बुडवणं, टॉवेल बोटांनी गोळा करणं, रबरी पट्टा ओढणं. बोटं खरंच कमी वाकत होती. थोरली त्यांना शिव्या घालत व्यायाम करी. "कामचोर! दुसऱ्याच्या जागेवर बसलं की मिजास येते नाही का?" धाकटी पलीकडे तोंड करून कांदा चिरी. कुणाला म्हणतेय, हे विचारायची सोय नव्हती.

मग एका सकाळी धाकटी कॉलेजला निघाली होती. थोरलीने तिला दारात अडवलं नाही, हाकही मारली नाही. नुसती ओट्याशी गेली, दोन बोटं फरशीवर टेकवली, रेघेच्या आपल्या बाजूला, आणि उजवा पाय उचलला. डाव्यावर उभी राहिली. पोटरी आवळली. ओठ आवळले. डावी टाच जमिनीवरून सुटली. थोडीच, खालून पोस्टकार्ड सरकवता येईल एवढी. पण सुटली.

धाकटी बॅग खांद्यावर घेऊन बघत राहिली. ती खाली वाकली, नेहमीच्या सवयीने, मागून नीट पाहता यावं म्हणून. दोन बोटं दिसत होती. फक्त दोन.

"पुढच्या टर्मला मी हॉलमध्ये येते," थोरली भिंतीकडे बघत म्हणाली. "खुर्ची खाली करून ठेवू नकोस. मला उंच लागते."

"या ना." धाकटी अजून वाकलेलीच होती. "टाच उचलली जातेय. पण आत वळत नाहीये, वहिनी."

थोरलीने टाच खाली टेकवली. मग पुन्हा उचलली, पहिल्यापेक्षा केसभर जास्त.

"धाकटा आहे," ती म्हणाली. "त्याला वळण कुठलं? लावावं लागेल."